म्हशीचे दूध आणि सूर्यचूल



विज्ञानाविषयीचे राष्ट्रीय धोरण हा विषय घरोघरी वाचल्या जाणाऱ्या मासिकात कशाला, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात सहज उभा राहील. धोरण म्हटले की डोळ्यांसमोर येतात ती जाडजूड निवेदने आणि पूर्णविरामाची वाट पाहायला लावणारी वाक्ये. ती वाक्ये मराठीत उतरविण्याचे काम ज्यांच्या वाट्याला येते त्या आम्हां भाषांतरकारांना तर त्यांचा धसका अधिकच असतो. तरीही हा विषय आज मुद्दाम घेतला आहे. एखाद्या देशाने विज्ञानावर केलेला खर्च फळास आला की वाया गेला, ह्याचा निकाल बहुधा स्वयंपाकघरात, शेताच्या बांधावर आणि दवाखान्याच्या बाकावर लागतो. आणि ह्या तिन्ही ठिकाणी आपला रोजचा वावर आहे.

गोष्ट सुरू होते १९५० सालापासून. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद ही संस्था १९४२ मध्ये स्थापन झाली होती. स्वातंत्र्यानंतर डॉ. शांतिस्वरूप भटनागर ह्यांच्या नेतृत्वाखाली तिच्या प्रयोगशाळा एकामागून एक उभ्या राहू लागल्या. १९५० च्या जानेवारीत पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि दिल्लीला राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सुरू झाली. त्याच वर्षी म्हैसूरच्या चेलुवांबा महालात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आली. ह्यांपैकी दिल्लीच्या आणि म्हैसूरच्या प्रयोगशाळांनी पहिल्या काही वर्षांतच गृहिणीच्या उपयोगाची एकेक वस्तू तयार केली. पहिली सूर्यचूल, आणि दुसरी म्हशीच्या दुधापासून बनविलेला तान्ह्या मुलांचा आहार. दोन्ही वस्तूंमागचे शास्त्र पक्के होते, आणि देशाला दोहोंची गरज होती. तरी एक वस्तू प्रदर्शनाच्या मांडवातून बाहेर पडली नाही आणि दुसरी लक्षावधी घरांच्या फळीवर जाऊन बसली. असे का व्हावे, हे समजले तर विज्ञानधोरण म्हणजे काय ते बरेचसे समजेल.

सूर्यचुलीची हकीकत आधी सांगतो, कारण ती थोडक्यात आटोपते. दिल्लीच्या प्रयोगशाळेतील मोहनलाल घई ह्यांनी १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत चकचकीत ॲल्युमिनियमचा एक खोलगट आरसा तयार केला. त्यावर पडलेले ऊन एका ठिकाणी एकवटे आणि तेथे ठेवलेल्या भांड्यातील डाळ-तांदूळ शिजून निघे. जळण नाही, धूर नाही, राख नाही. ज्या देशात शेण खत म्हणून शेतात जाण्याऐवजी गोवरी होऊन चुलीत जाते आणि सरपणासाठी डोंगर बोडके होतात, त्या देशाला ह्याहून अधिक काय हवे होते? सूर्यचुलीचे कौतुक झाले आणि ती बाजारात विक्रीलाही आली. पण तिला गिऱ्हाईक मिळाले नाही.

आपल्या घरातील दिनक्रम क्षणभर आठवा, म्हणजे कारण सापडेल. शाळा-कचेरीला जाणाऱ्यांचे डबे सूर्य पुरता वर येण्याआधी भरावे लागतात. रात्रीचे जेवण तो मावळल्यावर होते. सूर्यचुलीला भर दुपारचे ऊन लागे आणि सूर्य सरकेल तसा आरसा वरचेवर फिरवावा लागे. म्हणजे स्वयंपाक करणारीने वैशाखाच्या उन्हात अंगणात उभे राहावयाचे, तेही अंगण असेल तर! चाळीतल्या बिऱ्हाडाने काय करावे? शिवाय जी बाई सरपण रानातून वेचून आणते, तिला ते पैशाने विकत घ्यावे लागत नाही. तिच्या दृष्टीने सूर्यचुलीची किंमत हा नवाच खर्च होता. शास्त्रज्ञांनी उष्णतेचा हिशेब अचूक केला होता; मात्र घरातल्या वेळेचा, जागेचा आणि पैशाचा हिशेब कोणी मांडला नव्हता.

(तीच सूर्यकिरणे पुढे शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात २००९ पासून कामाला लागली. तेथे सत्तराहून अधिक मोठे आरसे छपरावर बसविले, त्यांच्या उष्णतेने वाफ केली आणि ती नळांतून खाली मुदपाकखान्यात आणली. ऊन आरशाने सोसावयाचे आणि आचाऱ्याने सावलीत उभे राहावयाचे. एवढा फरक पडला की हजारो माणसांचे अन्न शिजते.)

आता म्हैसूरकडे आणि गुजरातकडे वळू. भारतात दूध म्हटले म्हणजे मोठ्या प्रमाणावर ते म्हशीचे. त्यात स्निग्धांश सुमारे सात टक्के, म्हणजे गाईच्या दुधाच्या जवळजवळ पावणेदोनपट. प्रथिनेही आईच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त. तान्ह्या मुलाच्या पोटात त्या दुधाचा घट्ट गोळा होतो आणि तो पचत नाही. त्यामुळे ज्या अर्भकाला आईचे दूध काही कारणाने मिळत नसे, त्याच्यासाठी परदेशी कंपन्यांच्या डब्याखेरीज फारसा पर्याय नव्हता. तो डबा महाग होता, त्यापायी परकीय चलन खर्च होई आणि पुष्कळदा तो मिळतही नसे. म्हैसूरच्या संस्थेत डॉ. सुब्रह्मण्यन् हे संचालक असताना तेथील संशोधकांनी म्हशीच्या दुधातील स्निग्धांश कमी करण्याची, त्याचा गोळा मऊ व्हावा अशी प्रक्रिया करण्याची, त्यात जीवनसत्त्वे व लोह घालण्याची आणि मग ते वाळवून भुकटी करण्याची पद्धत बसविली. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही पद्धत सिद्ध झाली.

एथवरची गोष्ट सूर्यचुलीसारखीच आहे. फरक पडतो तो ह्यापुढे.

गुजरातेत खेडा जिल्ह्यात आणंद येथे दूध उत्पादकांचा सहकारी संघ १९४६ च्या डिसेंबरात स्थापन झाला होता. त्रिभुवनदास पटेल हे त्याचे नेते. १९४९ मध्ये व्हर्गिस कुरियन हे तरुण अभियंते आणि पाठोपाठ एच. एम. दलाया हे मिशिगनमध्ये शिकलेले दुग्धतज्ज्ञ तेथे आले. संघाचे मोठे गिऱ्हाईक होते मुंबई सरकारची दूध योजना. पण म्हैस हिवाळ्यात उन्हाळ्याच्या दुपटीहून अधिक दूध देते, आणि मुंबईला एवढे दूध नको असे. वाढावा घेण्यास कोणी नाही म्हणून शेतकऱ्याने थंडीत दूध ओतून द्यावयाचे काय? त्यावर एकच उपाय होता: दुधाची भुकटी. परदेशी तज्ज्ञांनी सांगितले की म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, जगात कोणी केलेली नाही. त्यांच्या देशांत म्हशीच नव्हत्या, तेव्हा कोणी केलेली नव्हती हे खरेच. दलायांनी रंग मारण्याचा फवारा आणि गरम हवेचा झोत एवढ्या साहित्यावर ती करून दाखविली असे सांगतात. युनिसेफने यंत्रसामग्री दिली. तिच्या मोबदल्यात जिल्ह्यातील मुलांना दूध वाटावयाचे ठरले. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते आणंदच्या कारखान्याचे उद्घाटन झाले.

म्हणजे पाहा: म्हैसूरच्या संशोधकांची पद्धत तयार झाली तेव्हा दूध होते, ते रोज दोन वेळा मोजून देणारे आणि कारखान्याचे मालक असणारे शेतकरी होते, भुकटीचे यंत्र होते, आणि शास्त्रज्ञाची भाषा समजून ती यंत्राच्या भाषेत सांगणारा अभियंता होता. १९५७-५८ मध्ये परकीय चलनाची तीव्र टंचाई आली आणि सरकारला आयात आवरणे भाग पडले. देशी बालाहाराला बाजारात जागा झाली. १९६० च्या सुमारास आणंदला बालाहाराचा आणि चीजचा नवा विभाग सुरू झाला. म्हशीच्या दुधापासून ह्या वस्तू मोठ्या प्रमाणावर जगात प्रथमच तयार होत होत्या. सूर्यचुलीच्या वाट्याला शास्त्रज्ञ आला, पण संघ आला नाही, दलाया आला नाही, आणि वाट पाहणारे गिऱ्हाईकही आले नाही.

ह्या गोष्टीला एक पुरवणी जोडणे आमचे कर्तव्य आहे. डबा सहज मिळू लागला, त्याच्या जाहिराती झळकू लागल्या, आणि ज्या माता अंगावर पाजू शकत होत्या त्याही डब्याकडे वळू लागल्या. अर्भकाला आईच्या दुधासारखे दुसरे काही नाही. अस्वच्छ पाण्यात कालवलेली भुकटी तर जिवावर बेतते. म्हणून १९९२ मध्ये संसदेने कायदा करून अशा पदार्थांच्या जाहिरातींना आणि मोफत नमुन्यांना बंदी केली. एका हाताने नवी वस्तू जन्माला घालावयाची आणि दुसऱ्या हाताने तिच्या गैरवापराला आवर घालावयाचा, ही दोन्ही कामे धोरणाचीच होत.

अर्थशास्त्राच्या पंडितांनी ह्या साऱ्या जुळणीला एक नाव दिले आहे. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रीमन ह्यांनी १९८७ मध्ये जपानच्या प्रगतीवर लिहिताना ते वापरले आणि पुढे ते रूढ झाले. मराठीत त्याला 'राष्ट्रीय नवनिर्मिती व्यवस्था' म्हणू या. 'नवप्रवर्तन', 'नवोन्मेष' असेही प्रतिशब्द सुचविले जातात, ते भारदस्त आहेत, पण घरात मोठ्याने वाचले तर आजीबाई विचारतील, "म्हणजे काय रे?" अर्थ सोपा आहे. शोध लागणे निराळे आणि शोध नांदणे निराळे. नांदण्यासाठी प्रयोगशाळा, विद्यापीठ, कारखाना, पेढी, कायदा, बाजार आणि वापरणारा माणूस ह्यांच्यामध्ये जाणे-येणे लागते. हे जाणे-येणे म्हणजेच ती व्यवस्था. ह्यांतील एकेक घटक उत्तम असूनही मधल्या वाटा बंद असतील तर व्यवस्था नाही असेच म्हणावे लागते.

आपल्या राज्यकर्त्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. १९५३ च्या अखेरीस राष्ट्रीय संशोधन विकास निगम नावाची कंपनी सरकारने काढली ती मुख्यतः ह्यासाठीच: प्रयोगशाळेतील शोधांचे परवाने कारखानदारांना द्यावयाचे. मतदानाच्या वेळी आपल्या बोटाला लागणारी शाई हे तिचे एक उदाहरण. ती दिल्लीच्या भौतिकी प्रयोगशाळेची; १९६२ मध्ये निगमामार्फत म्हैसूरच्या रंगांच्या सरकारी कारखान्याला तिचा परवाना मिळाला आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीपासून ती वापरात आली. ज्या प्रयोगशाळेची सूर्यचूल पडून राहिली तिचीच ही शाई! शाईला गिऱ्हाईक शोधावे लागले नाही. निवडणूक आयोग दारातच उभा होता.

मार्च १९५८ मध्ये लोकसभेपुढे विज्ञानधोरणाचा ठराव मांडण्यात आला. त्याचा आशय असा की राष्ट्राची समृद्धी तंत्रज्ञान, कच्चा माल आणि भांडवल ह्या तिहींच्या मेळावर अवलंबून असते, आणि त्यांत तंत्रज्ञानाचे महत्त्व सर्वांत अधिक. ठरावाची भाषा उदात्त आहे. आजही वाचावा असा तो आहे. शास्त्रज्ञ घडवावेत, त्यांना मान द्यावा, ज्ञानाचा लाभ जनतेला मिळावा, हे सारे त्यात आहे. मात्र प्रयोगशाळेच्या दारापासून जनतेच्या दारापर्यंतची वाट कोणी आणि कशी बांधावी ह्याविषयी तो मोघम आहे. १९८३, २००३ आणि २०१३ साली नवी धोरणे आली, आणि प्रत्येकात त्या वाटेचा उल्लेख आधीच्यापेक्षा थोडा अधिक आढळतो. तीस-चाळीस वर्षांत जे अनुभवाने शिकावे लागले त्याचीच ती खूण म्हणता येईल.

त्या अनुभवातील एक ट्रॅक्टरचा आहे. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत १९६५ च्या सुमारास देशी ट्रॅक्टराचे काम सुरू झाले. नमुना उभा राहिला, पण तो बनविण्यास मोठा सरकारी कारखाना पुढे आला नाही. परदेशी सहकार्याचा ट्रॅक्टर अधिक भरवशाचा वाटला. अखेर पंजाब राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाने हे काम अंगावर घेतले, १९७० मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनी काढली आणि १९७४ मध्ये मोहालीहून 'स्वराज' ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. ह्यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की दुर्गापूरहून नुसते नकाशे आले नाहीत. चंद्र मोहन आणि त्यांचे सहकारी अभियंते स्वतः प्रयोगशाळा सोडून कारखान्यात आले. कागदावर न उतरलेले पुष्कळसे ज्ञान त्यांच्या हातांतून तेथे पोचले. सरकारी नोकरीच्या नियमांत असे जाणे-येणे आजही सोपे नाही, आणि आमच्या मते हा नियमांचा मोठाच दोष आहे.

कधी कधी पैशापेक्षा कायद्याचे एखादे कलम अधिक काम करते. १९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये अमलात आला. त्याने औषधाच्या पदार्थावर एकाधिकार देणे बंद केले. तो बनविण्याच्या रीतीवर तेवढा दिला. म्हणजे तेच औषध निराळ्या रीतीने बनविण्याची मोकळीक झाली. मग निराळी रीत शोधून देणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला कारखानदाराच्या दारी जावे लागले नाही. कारखानदारच त्याच्याकडे येऊ लागला. पुण्याच्या रासायनिक प्रयोगशाळेने ह्या काळात अनेक औषधांच्या रीती कंपन्यांना दिल्या. २००५ मध्ये जागतिक करारामुळे ते कलम बदलावे लागले, तोवर देशी औषधे स्वस्त झाली होती आणि परदेशांतही जाऊ लागली होती.

आता एका अपयशाकडे, कारण ते स्वयंपाकघरातील आहे आणि मोठे आहे. चुलीच्या धुराने स्त्रियांचे डोळे आणि फुप्फुसे जातात हे फार पूर्वीपासून माहीत होते. धूर बाहेर नेणाऱ्या चुली वर्ध्याला आणि हैदराबादला स्वातंत्र्याच्या आसपासच तयार झाल्या होत्या. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो थांबला, तोवर तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या होत्या. आकडा छाती दडपून टाकणारा आहे. पण मोजल्या गेल्या त्या बसविलेल्या चुली. पेटत राहिलेल्या चुली मोजण्याचे उद्दिष्ट कोणाला दिलेले नव्हते. बसविणाऱ्याला प्रत्येक चुलीमागे अनुदान मिळे. धुराडे वर्षभरात काजळीने बुजले तर ते साफ कोणी करावयाचे, तवा मोठा असेल तर काय, तिघांच्या आणि तेरांच्या घरात एकच माप कसे चालेल, हे विचारण्याचे अनुदान नव्हते. पुष्कळ ठिकाणी एक-दोन वर्षांत ती चूल फोडून जुनी पुन्हा घातली गेली. जी स्त्री रोज दोन वेळा त्या चुलीपुढे बसते, तिच्याइतके तिचे ज्ञान कोणाला होते? तिला विचारावयास एक संध्याकाळ पुरली असती. सूर्यचुलीच्या वेळी अनुभव नवा होता असे म्हणून सोडून देता येते. तीस वर्षांनंतर तीच चूक तीन कोटी वेळा करणे मात्र सहज क्षमा करण्याजोगे नाही.

ह्याच्या उलट, धीराने बांधलेली वाट कशी असते ते रोटाव्हायरसच्या लशीने दाखविले. ह्या विषाणूने होणारे जुलाब भारतात दर वर्षी पाऊण लाखाच्या आसपास मुलांचा बळी घेत, असा एक अंदाज होता. १९८५-८६ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली: नवजात बालकांच्या कक्षात काही मुलांना ह्या विषाणूचा संसर्ग झाला होता, पण त्यांना त्रास मुळीच झाला नव्हता, आणि पुढेही तीव्र जुलाबांपासून ती मुले बरीचशी सुरक्षित राहिली. निसर्गाने सौम्य केलेला विषाणू आयताच सापडला होता.

तेथून लस होईपर्यंत सुमारे तीस वर्षे लागली. भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग, अमेरिकेतील संशोधनसंस्था, परोपकारी निधी आणि हैदराबादची भारत बायोटेक कंपनी ह्यांनी तो भार वाटून घेतला. २०११ पासून दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळील वढू ह्या तीन ठिकाणी ६,७९९ बालकांवर लशीची परीक्षा झाली. वढूच्या परिसरातील ज्या आईबापांनी आपली तान्ही मुले ह्या परीक्षेसाठी नेली, त्यांची नावे कोणत्याही पुस्तकात येणार नाहीत. पण नवनिर्मितीच्या ह्या व्यवस्थेत त्यांची जागा शास्त्रज्ञाच्या शेजारीच आहे. परीक्षेत असे दिसले की तीव्र जुलाबांचे प्रमाण लशीने निम्म्याहून कमी होते. किंमत एका मात्रेला सुमारे एक डॉलर ठेवण्याचे कंपनीने आधीच कबूल केले होते. २०१५ मध्ये लस बाजारात आली, २०१६ मध्ये चार राज्यांच्या सरकारी लसीकरणात तिचा समावेश झाला आणि २०१९ पासून ती देशभर नेण्याचे काम झाले. आपल्या नातवंडाला सरकारी दवाखान्यात जे थेंब जिभेवर पाजतात त्यांत रोटाव्हायरसचेही थेंब असतात; ह्याचे कारण असे की शोध पुरा होण्याआधीच तो कोण बनवील, किती किमतीला आणि विकत कोण घेईल ह्याचा विचार झालेला होता.

मग अडते कोठे? पैशाचे थोडे आकडे द्यावयास हवेत. २०२०-२१ मध्ये भारताने संशोधनावर सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपये खर्च केले. राष्ट्रीय उत्पन्नाशी त्याचे प्रमाण ०.६४ टक्के पडते. चीनमध्ये हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, दक्षिण कोरियात पाच टक्क्यांच्या. पण एकूण रकमेपेक्षा ती कोण देतो हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. चीन, जपान आणि कोरियात संशोधनाचा सुमारे तीन-चतुर्थांश खर्च उद्योगधंदे करतात. आपल्याकडे खाजगी उद्योगांचा वाटा त्या वर्षी छत्तीस टक्के होता. बाकीचा भार मुख्यतः सरकारवर. सरकारी पैसा शोध लागेपर्यंत पुरतो, उद्योगाचा पैसा वस्तू खपू लागल्यावर येतो. मधली काही वर्षे, जेव्हा नमुना तयार असतो पण कारखाना नसतो, ती कोणाच्याच वहीत नसतात. शोध मरतात ते बहुधा त्याच वर्षांत.

अलीकडे ह्या मधल्या टप्प्याकडे लक्ष गेले आहे. २०२३ मध्ये संसदेने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभारावयाचे आणि त्यांतील बराच मोठा भाग सरकारबाहेरून आणावयाचा अशी त्याची कल्पना आहे. जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने एक लाख कोटी रुपयांच्या आणखी एका निधीला मंजुरी दिली. त्यातून खाजगी उद्योगांना दीर्घ मुदतीचे अल्पव्याजी किंवा बिनव्याजी कर्ज मिळावयाचे आहे. तंत्रज्ञान किती पक्व झाले ते मोजण्याची नऊ पायऱ्यांची एक शिडी तज्ज्ञ वापरतात: पहिल्या पायरीवर नुसते तत्त्व, नवव्या पायरीवर प्रत्यक्ष वापरातील वस्तू. हा निधी चौथ्या पायरीपासून वरच्यांसाठी आहे, म्हणजे मधल्या वर्षांसाठीच. योजना योग्य जागी बोट ठेवणारी आहे. कर्ज फेडण्याची ऐपत असलेल्या मोठ्या उद्योगांपलीकडे ती पोचते काय, आणंदच्या संघासारख्या संस्थेला त्यातून काही मिळते काय, हे पाहावयाचे आहे. आमचा स्वतःचा कल असा की कर्जाइतकेच महत्त्व सरकारी खरेदीला द्यावे. शाईच्या आणि लशीच्या वेळी पहिले गिऱ्हाईक सरकार होते. दवाखाने, शाळांतील माध्यान्ह भोजन, अंगणवाड्या, रेल्वे ह्या सर्वांची खरेदी अवाढव्य आहे. त्यातील थोडी जरी नव्या देशी वस्तूंसाठी राखली, तरी कारखानदार स्वतःच शास्त्रज्ञाचा पत्ता विचारीत येईल.

राहता राहिला तो वापरणारा माणूस. त्याला विचारण्याची एक सोय आपल्या देशात आहे, पण तिची माहिती फार थोड्या घरांना असते. वस्तूंची मानके ठरविणारी संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली आणि १९८७ पासून ती भारतीय मानक ब्यूरो म्हणून काम करते. प्रेशर कुकर, गॅसची शेगडी, लाकडाची सुधारित चूल, बालाहार ह्या सर्वांची मानके तिने केली आहेत. नवे मानक पक्के करण्यापूर्वी त्याचा मसुदा ती सर्वांसाठी खुला ठेवते आणि ठराविक मुदतीत कोणाही नागरिकाच्या सूचना घेते. मसुदे ब्यूरोच्या संकेतस्थळावर पाहता येतात, सूचनाही तेथूनच पाठविता येतात आणि त्यासाठी शुल्क पडत नाही. कुकरचे झाकण भिजल्या हाताने उघडत नाही, शेगडीचे पाय मोठ्या पातेल्याखाली डळमळतात, बालाहाराच्या डब्यावरील अक्षर आजोबांना वाचता येत नाही, असे आपणांस वाटत असेल, तर ते कोणत्या वस्तूविषयी, कोणत्या वेळी आणि कशामुळे, एवढे स्पष्ट लिहावे.